बेल वाजली की दार उघडा

माझ्या अम्मीला माझी नोकरी शेवटपर्यंत नीट कळली नाही. खुलताबादला आमच्या गल्लीत कुणी विचारलं, की ती सांगायची, "किताबां लिखती. मशीनां की." एकदा शेजारच्या खाला हसून म्हणाल्या, "मशीनां पढते क्या?" मी शनिवारी घरी गेल्यावर अम्मीनं तोच प्रश्न मला विचारला. मी म्हटलं, "मशीन नहीं पढते अम्मी. मशीन चलानेवाले पढते." ती म्हणाली, "पढते ना? फिर ठीक है."

वाचतात का, हा प्रश्न मला पुढं नोकरीभर पुरला.

चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीतली आमची कंपनी लहानशी. दवाखान्यांसाठी ऑटोक्लेव्ह बनवायची. ऑपरेशनची हत्यारं, टॉवेल, गाऊन असं सगळं कापडात बांधून ज्यात वाफेवर निर्जंतुक करतात ते यंत्र म्हणजे ऑटोक्लेव्ह. घरातला कुकर कपाटाएवढा केला, आडवा पाडला, की झाला ऑटोक्लेव्ह. पूर्वी त्याला नुसते वॉल्व्ह आणि काटे असायचे. मग त्याच्या कपाळावर एक छोटा पडदा आला, खाली चार बटणं आली आणि आत सॉफ्टवेअर आलं. कोणतं बटण कधी दाबायचं, पडद्यावर अमुक दिसलं तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे सांगणारं पुस्तक लिहिणं हे माझं काम. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. कंपनीत त्याला डॉक्युमेंटेशन म्हणायचे. आमचे सर्व्हिस इंजिनिअर दाभाडे सरळ म्हणायचे, "फरजानाताईंचं पुस्तक."

या कामातली खरी मेख बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. सॉफ्टवेअर एका जागी थांबत नाही. दरवर्षी त्यात काहीतरी सुधारतात, आणि सुधारलेल्याला नवा आकडा देतात. त्याला व्हर्जन म्हणायचं. पण नवं व्हर्जन निघालं म्हणून जुनी यंत्रं कुणी फेकून देत नाही. त्यामुळं सिल्लोडच्या दवाखान्यात दोन नंबरचं चालू असतं, पैठणला तीन नंबरचं, आणि कारखान्यातून त्याच दिवशी चार नंबरचं बाहेर पडत असतं. बाहेरून तिन्ही यंत्रं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. वागतात मात्र वेगवेगळी.

देवगाव रंगारीला एक डॉक्टर आमचे गिऱ्हाईक होते. त्यांच्याकडं नवं व्हर्जन बसवलं, तेव्हा मी नवं पुस्तक घेऊन दाभाडेंबरोबर गेले होते. म्हटलं, जुनं पुस्तक द्या, परत नेते. कंपाउंडर आत गेला, हात जोडून आला आणि म्हणाला, "मॅडम, ते पूजेत हाय." दर खंडेनवमीला यंत्राबरोबर पुस्तकालाही हळदकुंकू लागत होतं. लाल कापडात बांधलेलं, एकदाही न उघडलेलं. मी विचारलं, मग मशीन चालवता कसं? म्हणाला, "सवयीनं." मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "नवीन आलं तर जुन्याचं काय करायचं? विसर्जन करायचं का?"

त्या दिवशी परत येताना आम्ही दोघं वेरूळपर्यंत हसत होतो. पण तो प्रश्न अगदी खरा होता, आणि आमच्या कंपनीत तो कुणी कधी विचारलाच नव्हता. नवीन आलं तर जुन्याचं काय करायचं? आमचं उत्तर सोपं होतं. वेबसाइटवर एकच पुस्तक ठेवायचं, सर्वांत नवीन. जुनं काढून टाकायचं. सगळेच तसं करतात, असं कंपनीचे मालक काळे साहेब म्हणायचे, आणि खरोखर सगळेच तसं करत होते.

मग मंदा सिस्टरची गोष्ट घडली.

कन्नडच्या पुढं एका मोठ्या गावात एक खासगी दवाखाना आहे. बाळंतपणं, अपेंडिक्स, हर्निया असली ऑपरेशनं तिथं होतात. यंत्र आमचंच, दोन नंबरच्या व्हर्जनचं. ते चालवणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी वॉर्डातल्या मंदा सिस्टरना तळघरातल्या ऑटोक्लेव्हच्या खोलीत आणलं. सिस्टर पन्नाशीच्या आसपासच्या, कामाला चोख. नवं काम अंगावर पडल्यावर त्यांनी आधी पुस्तक मागितलं. मूळ पुस्तक वाफेनं फुगून पानं एकमेकांना चिकटलेली. म्हणून डॉक्टरांनी आमच्या वेबसाइटवरून पुस्तक काढून, छापून त्यांना दिलं. सिस्टरनी ते घरी नेऊन वाचलं. खाली रेघा मारून वाचलं.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं: बेल वाजली की दार उघडा.

चार नंबरच्या यंत्रात ते बरोबर होतं. वाफ देऊन झाली की ते यंत्र आपलं आपण गठ्ठे सुकवतं, आणि सगळं झाल्यावर बेल वाजवतं. दोन नंबरच्या यंत्रात मात्र बेल वाजते ती वाफ संपल्यावर. तिथून पुढं माणसानं 'सुकवणे' हे बटण दाबायचं असतं. न दाबता दार उघडलं तर गठ्ठे ओले निघतात. आणि ओला गठ्ठा ऑपरेशनला चालत नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. वरून स्वच्छ दिसला तरी तो निर्जंतुक धरत नाहीत.

सिस्टरनी पुस्तकात होतं तसंच केलं. त्या दिवशीचे सगळे सेट, म्हणजे ऑपरेशनचे गठ्ठे, तसेच काढले आणि रचून ठेवले. वरचं कापड गरम हवेत वाळलं होतं, ओल आत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सविता नावाची एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, लगेच सिझेरियन करायचं ठरलं. डॉक्टरांनी सेट उघडला तर आतलं कापड ओलं. दुसरा उघडला, तोही तसाच. तिसराही. पोरगी टेबलावर, आणि दवाखान्यात एक सेट कोरडा नाही. त्यांनी तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून संभाजीनगरला पाठवलं. त्या रस्त्यावर मी लहानाची मोठी झाले आहे. दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यात एका वेळी एकच मोठी गाडी मावते. ॲम्ब्युलन्स तिथं अडकली. लोकांनी उतरून, गाड्या मागं घ्यायला लावून वाट काढून दिली.

सविता वाचली. बाळही वाचलं, पण त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला तो तक्रारीचा नव्हता. ते म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये दोष नाही, मला माहीत आहे. आमच्या सिस्टरनं घोळ घातलाय. मी त्यांना घरी बसायला सांगितलंय. फक्त एकदा येऊन मशीन तपासून जा."

काळे साहेब, दाभाडे आणि मी, आम्ही तिघं गेलो. काळे साहेब स्वतः गाडी चालवत होते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मंदा सिस्टर बसल्या होत्या. घरी बसायला सांगूनही आल्या होत्या. हातात ते छापलेलं पुस्तक. मी नाव सांगितल्यावर त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

"तुमीच लिवलंय का हे?"

"हो."

"आधीच्या पोरीनं कधी पुस्तकाचं तोंड बघितलं नाय. तिच्या हातनं कधी असं झालं नाय. मी वाचलं, मॅडम. वाचलं म्हणून झालं."

मी पानं उलटली. त्या वाक्याखाली निळ्या पेननं दोनदा रेघ मारलेली होती. मला तिथंच कळलं काय झालं असावं. पुस्तकात एकही चूक नव्हती. चार नंबरच्या यंत्रासाठी त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

दाभाडेंनी खाली जाऊन पडदा बघितला आणि वर आले. मला म्हणाले, "दोन नंबर हाय, ताई."

डॉक्टर तापलेले होते. रात्रभर झोप नाही, सकाळचा तो प्रसंग, आणि शहरातून बाळाची धड बातमी नाही. ते म्हणाले, "पुस्तकाचं काय घेऊन बसलात? माणसाला समोर दिसत नाही का?"

दाभाडे शांत माणूस. म्हणाले, "साहेब, रागावू नका. एक लोड तुमीच लावून बघा. ताई वाचतील, तुमी बटणं दाबा."

मला वाटलं आता हे आम्हाला हाकलून देतील. पण ते उठले. आम्ही सगळे तळघरात गेलो. जिन्याखालची ती खोली लहान, गरम आणि बिनखिडकीची. डॉक्टरांनी एक गठ्ठा आत ठेवला आणि दार आवळलं. मी मोठ्यानं वाचत होते, ते दाबत होते. यंत्र चालू झालं. मग वाट बघणं. काळे साहेब भिंतीला टेकून उभे होते, सिस्टर दारात.

बेल वाजली.

मी पुढचं वाक्य वाचलं. "बेल वाजली की दार उघडा."

डॉक्टरांनी दार उघडलं. जाड हातमोजे घालून गठ्ठा बाहेर काढला, थोडा निवू दिला आणि सोडला. आतल्या टॉवेलवर त्यांनी तळहात दाबला. हात ओला झाला. ते त्या हाताकडं बघत राहिले. मग वळून म्हणाले, "सिस्टर, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो. वर चला, सगळ्यांसमोरच माफी मागतो."

"राहू द्या, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून वर निघून गेल्या.

त्यांची नोकरी राहिली. पण निघताना दाभाडेंनी 'सुकवणे'चं बटण त्यांना दाखवलं, आणि मी म्हटलं, तुमच्या यंत्राचं जुनं पुस्तक शोधून पाठवते, तेव्हा त्या ठामपणे म्हणाल्या, "नको. यांनी दाखवलं तेवढं बास. आता मी काय वाचायची नाय."

येताना आम्ही शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात थांबलो. सविता झोपली होती. तिची सासू बाहेर बाकावर होती. काळे साहेब सविताच्या नवऱ्याशेजारी जाऊन बसले. नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. सासूनं मला विचारलं, "तुमचं बी कुणी हाय का हितं?"

मी म्हटलं, "नाही. ज्या मशीनमुळं झालं, त्या मशीनचं पुस्तक मी लिहिते."

"कोणती मशीन?"

"ऑपरेशनचे कपडे उकडायची."

"त्याला पुस्तक लागतं व्हय?" तिला खरोखरच नवल वाटलं होतं. मग तिनं सरकून मला जागा दिली. "बसा. दमल्यावानी दिसता. पोरगं बरं हाय आता. डोळे उघडले त्यानं."

मी बसले. तिनं रागवावं अशी माझी इच्छा होती, असं आता वाटतं. तिनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून मला दिला.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीत बैठक बसली. विषय एकच: पुस्तकं कशी लिहायची, कुठं ठेवायची. आम्ही चौघं होतो. काळे साहेब, दाभाडे, मी आणि स्नेहल. स्नेहल आमची मुख्य प्रोग्रामर. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, बोलायला तिखट आणि हाताला साफ.

तोवर मी सगळं वर्डमध्ये लिहायची. प्रत्येक भाषेची वेगळी फाइल, आणि नवं व्हर्जन आलं की जुन्या फाइलवरच बदल. जुनं पुस्तक हवं असेल तर कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये शोधायचं. फायलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'हीच घ्या' अशी. काळे साहेबांचं म्हणणं पडलं, शिस्तीनं फोल्डर करा, झालं. स्नेहल म्हणाली, शिस्त माणसावर सोडली की पहिल्या गडबडीत मोडते. तिनं बाहेरची एक तयार सेवा शोधली होती. सुंदर वेबसाइट, शोधायची सोय, वर कोपऱ्यात व्हर्जन निवडायची यादी. तिनं नमुना करून दाखवला तर आम्ही सगळे खूश. दाभाडे तेवढे आपल्या फोनकडं बघत होते.

"बोला की, दाभाडे," काळे साहेब म्हणाले.

"भारी हाय. पर तळघरात फोनला रेंज नाय."

स्नेहलला ते पटलं नाही. म्हणून आम्ही दोघी पुन्हा कन्नडच्या पुढं गेलो. जिन्याखालच्या त्या खोलीत उभं राहून तिनं फोनवर स्वतःचीच वेबसाइट उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. ती एक पायरी वर चढली, मग आणखी एक. शेवटी पार दवाखान्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा पान उघडलं. तिथून ती मोठ्यानं ओरडली, "मॅडम, सापडलं!" आणि स्वतःच हसायला लागली. मंदा सिस्टर वरच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांनी चहा पाठवला.

परत येताना गाडीत स्नेहलनं मला तिसरा रस्ता सांगितला. प्रोग्रामर लोक आपला प्रोग्राम एका सामाईक भांडारात ठेवतात. कुणी काय बदललं, कधी बदललं, आधी काय होतं, सगळं त्यात राहतं. एखादं व्हर्जन पक्कं झालं की त्यावर शिक्का मारतात, आणि मग कधीही तिथवर परत जाता येतं. ती म्हणाली, "पुस्तक त्याच भांडारात, प्रोग्रामच्या शेजारी ठेवू. चार नंबरवर शिक्का बसला की चार नंबरच्या पुस्तकावरही त्याच क्षणी बसेल. दोघांची ताटातूट होणारच नाही. त्याच मजकुरातून वेबसाइट काढू आणि छापायचं पुस्तकही काढू."

"मग अडचण काय?" मी विचारलं, कारण ती अडखळत होती.

"त्यात वर्डची फाइल चालत नाही नीट. साधा मजकूर लागतो. मथळ्याआधी एक खूण, यादीआधी एक आडवी रेघ. बाकी काही नाही."

मला ते लागलं. बाहेरच्यांना हसू येईल, पण माझी पानं देखणी होती. धोक्याच्या सूचना लाल चौकटीत, तक्त्यांच्या कडा गोल, बटणांची चित्रं मजकुराच्या मध्ये अचूक बसवलेली. एकेका पानावर मी आठवडा घालवला होता. हा सगळा साज उतरवून नुसता उघडा मजकूर लिहायचा? दोन दिवस मी स्नेहलशी तुटक बोलत होते. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची लाल चौकट मी ठेवते. तुम्ही फक्त 'धोका' असं लिहा, चौकट मी आपोआप येईल असं करते." तिनं ते केलं. चौकट माझ्यासारखी नव्हती, कडा जरा भरड होत्या. पण आली. गोल कडांचे तक्ते मात्र गेले ते गेले. त्यांची आठवण मला अजून येते.

एक गोष्ट मी हट्टानं घातली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कंपनीचं नाव लहान आणि व्हर्जनचा आकडा तळहाताएवढा. त्याखाली एकच वाक्य: यंत्र चालू करताना पडद्यावर हाच आकडा दिसला तरच पुढं वाचा, नाहीतर हे पुस्तक मिटा. काळे साहेबांना ते रुचलं नाही. "आपलंच पुस्तक मिटा म्हणून आपणच सांगायचं?" मी म्हटलं, "साहेब, मंदा सिस्टरला हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. डॉक्टर सांगू शकत नव्हते, तुम्ही-मी तिथं नव्हतो. पुस्तकच तेवढं तिथं होतं."

खरा वाद उरला होता तो जुन्यांचा. काळे साहेब म्हणाले, सगळ्यांना नवं व्हर्जन टाकून देऊ, म्हणजे एकच पुस्तक राहील. दाभाडेंनी मान हलवली. फार जुन्या यंत्रांच्या पॅनलमध्ये नवं सॉफ्टवेअर मावत नव्हतं; बसवायला गेलं तर मध्येच अडकायचं. मग प्रश्न आला, किती मागच्या व्हर्जनची पुस्तकं सांभाळायची? तीन भाषा, चार व्हर्जनं. एक सुधारणा केली की ती सगळ्यांमध्ये बघावी लागणार. बाहेर मोठमोठ्या कंपन्या मागची दोन ठेवतात आणि बाकी बंद करतात, असं स्नेहलनं सांगितलं. तसं करणं चूक नाही, असंही ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं प्रामाणिक होतं. ते काम शेवटी तिच्या आणि माझ्याच डोक्यावर बसणार होतं.

काळे साहेबांनी दाभाडेंना विचारलं, "दोन नंबरची मशीनं अजून किती वर्षं चालतील?"

"लोखंड चांगलं हाय, साहेब. लई चालतील."

"मग लई दिवस सांभाळा," साहेब म्हणाले. "मशीन भंगारात जाईल तोवर त्याचं पुस्तक राहील." आणि उठून गेले. पुढं मंदीच्या काळात माणसं कमी केली, चहाचे कप लहान केले, पण त्या शब्दावरून ते हलले नाहीत.

जुनी पुस्तकं परत उभी करायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. दोन नंबरचं मूळ पुस्तक कुणाकडंच धड नव्हतं. दाभाडे गावोगाव फिरताना यंत्रापुढं उभं राहून मला फोन करायचे. "आता कोणतं बटण दाबू? दाबलं. पडद्यावर लिवलंय 'थांबा'. मी थांबलो." मी इकडं लिहून घ्यायची. असं सबंध पुस्तक आम्ही दोघांनी फोनवर पुन्हा लिहिलं. दाभाडे पुढं आजारी पडले आणि निवृत्तीआधीच गेले. त्यांचं नाव त्या पुस्तकावर असावं असं मला वाटत होतं. कंपनीच्या पुस्तकांवर कुणाचंच नाव नसतं, त्यामुळं ते राहून गेलं. भांडारातल्या नोंदींत मात्र प्रत्येक बदलापुढं कुणी सांगितलं ते लिहायची सोय आहे. तिथं मी ते लिहून ठेवलं आहे. तिथं कोण बघायला जातंय, ते सोडा.

पुस्तकं छापून झाल्यावर पहिली प्रत घेऊन मी स्वतः मंदा सिस्टरकडं गेले. तेव्हा दाभाडे होते, तेही बरोबर आले. आकडा मोठा, पानं वाफेत न फुगणाऱ्या जाड कागदाची. सिस्टरनी ते हातात घेतलं नाही. "ठेवा तिथं," म्हणाल्या. यंत्राच्या वर एक खिळा होता, त्याला दाभाडेंनी ते अडकवलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मी आग्रह केला नाही. एकदा ज्या पायरीवर पाय घसरला त्या पायरीवर माणूस पुन्हा सहज पाय ठेवत नाही, आणि का ठेवावा?

आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले, "त्यांना बाकी सगळं येतं आता. पण पुस्तक म्हटलं की उठून जातात."

असेच दिवस गेले. सविताचा मुलगा चालायला लागला, असं डॉक्टरांकडून कळलं. स्नेहलनं पाच नंबरचं व्हर्जन काढलं, आणि पहिल्यांदाच प्रोग्राम आणि पुस्तक एकाच दिवशी, एकाच शिक्क्यानं बाहेर पडलं. त्या दिवशी तिनं टेबलावर पेढे ठेवले. कंपनीत बऱ्याच जणांना ते पेढे कशाचे हे कळलंच नाही.

मग एका सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी मंदा बोलतेय. कन्नडच्या पुढून."

"काय झालं, सिस्टर?"

"झालं काय नाय. तुमच्या त्या पुस्तकात पान बाराला लिवलंय, दाराचं रबर आठवड्याला पुसायचं. आन् पान वीसला लिवलंय रोज पुसायचं. नेमकं काय करायचं माणसानं?"

मी दोन्ही पानं उघडली. त्यांचं बरोबर होतं. रोज पुसायचं असतं. बाराव्या पानावर चुकीचं वाक्य राहून गेलं होतं. मी म्हटलं, "रोजच पुसा. तुम्ही बघितलंत ते बरं झालं. आत्ता दुरुस्त करते."

"मी रोजच पुसते. मला म्हाईत हाय. पर उद्या नवीन कुणी आलं तर?"

मी स्नेहलला हाक मारली. तिनं दाखवलं तसं मी ते वाक्य दोन नंबरमध्ये बदललं, मग तीनमध्ये बघितलं, तिथंही होतं, तेही बदललं. चारात आणि पाचात नव्हतं. फोन चालूच होता. पलीकडून यंत्राची सूंसूं ऐकू येत होती. तळघरात रेंज नव्हती, तरी आवाज येत होता, म्हणजे खोलीचं दार उघडं टाकून सिस्टर बोलण्यापुरती रेंज मिळेल तिथवर पायऱ्या चढून उभ्या असणार.

"झालं, सिस्टर," मी म्हटलं. "नवीन पान छापून उद्याच्या कुरिअरनं पाठवते. ते जुन्याच्या जागी लावून घ्या."

त्या म्हणाल्या, "नुसतं पान पाठवू नका. सबंध पुस्तक पाठवा."

"का? बाकी काही चुकलंय का?"

"तसं नाय. ह्यात मी लई रेघा मारून ठेवल्यात. दुसऱ्याला द्यायला कोरं पाहिजे."